कॉर्डलेस घ्यावा की नाही? : एका दोरीचा इतिहास

घरी कॉर्डलेस फोन घ्यावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता किंमत आणि सोय यांच्यापुरताच आहे. बोलता बोलता स्वयंपाकघरात जाता येईल, गच्चीवर जाता येईल, आजारी माणसाला अंथरुणातून उठावे लागणार नाही, असे दुकानदार सांगतो, आणि ते सगळे खरेही असते. परंतु गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ज्यांनी हा फोन घेतला, त्यांपैकी अनेकांना दुकानात न सांगितलेल्या गोष्टी नंतर कळल्या. कोणाचे बोलणे शेजाऱ्याच्या रेडिओवर ऐकू आले, कोणाच्या लाइनवरून परक्यानेच फोन केले, आणि वीज गेली तेव्हा त्यांच्या घरातला फोनही गेला. या तक्रारी एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटतात. त्यांचे मूळ मात्र एकच आहे. साध्या फोनची दोरी नेमके काय काम करत होती, याचा विचार ती काढून टाकण्यापूर्वी फारसा कोणी केला नव्हता. त्या दोरीचाच इतिहास आपण येथे पाहू.

दोरीची तीन कामे

एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. कॉर्डलेस फोन म्हणजे मोबाइल नव्हे. कॉर्डलेसमध्ये टेलिफोन एक्स्चेंजपासून घरापर्यंत आलेली तार तशीच असते. ती एका छोट्या पेटीला जोडलेली असते. तिला बेस म्हणतात. बेस आणि हातातला संच यांच्यामध्ये मात्र दोरीऐवजी रेडिओलहरी असतात. म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीच्या तारेतला शेवटचा दीड-दोन मीटरांचा तुकडाच काय तो काढलेला असतो. एवढ्याने असा काय फरक पडणार?

हा तुकडा तीन कामे करत होता. पहिले काम वीज पुरवण्याचे. अगदी जुन्या फोनमध्ये घरातच बॅटरी ठेवावी लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात सामायिक बॅटरीची पद्धत रूढ झाली. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांचा मोठा संच असतो आणि तेथून सुमारे ४८ व्होल्ट दाबाची वीज त्याच दोन तारांमधून प्रत्येक घरी पोहोचते. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होते, प्रवाह वाहू लागतो, आणि तो वाहू लागला यावरूनच एक्स्चेंजला कळते की या ग्राहकाला बोलायचे आहे. गावात वीज नसली तरी साधा फोन चालू राहत असे तो यामुळे.

दुसरे काम बोलणे बंदिस्त ठेवण्याचे. तारेतला विद्युत्‌प्रवाह तारेतच राहतो. तो ऐकायचा तर कोणाला तरी तारेपाशी जाऊन तिला काहीतरी जोडावे लागते.

तिसरे काम ओळख पटवण्याचे. या लाइनवर बोलण्याचा हक्क कोणाला, या प्रश्नाचे उत्तर सोपे होते : ज्याच्या हातातला रिसीव्हर त्या दोरीला बांधलेला आहे त्याला. त्यासाठी वेगळे कुलूप किंवा किल्ली लागत नव्हती. दोरी हीच किल्ली होती.

दोरी गेली तेव्हा ही तिन्ही कामे एकदम उघडी पडली.

प्रकाशावर बोलणारा बेल

दोरीशिवाय बोलण्याची कल्पना टेलिफोनहून फार लहान नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले, आणि १८८० साली त्यांनी चार्ल्स सम्नर टेन्टर या सहकाऱ्याबरोबर वॉशिंग्टनमध्ये 'फोटोफोन' तयार केला. त्याची रचना वर्गात सांगण्यासारखी आहे. सूर्याचा प्रकाश एका पातळ आरशावर टाकायचा आणि त्या आरशाच्या मागून बोलायचे. आवाजाच्या कंपनांनी आरसा किंचित फुगीर व खोलगट होतो, त्यामुळे परावर्तित झोत कमीजास्त पसरतो आणि पलीकडे पोहोचणाऱ्या प्रकाशाची तीव्रता आवाजाप्रमाणे बदलते. पलीकडे सेलेनियमचा घट असतो. सेलेनियमवर प्रकाश पडला की त्याचा विद्युत्‌रोध घटतो, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ साली दाखवून दिले होते. प्रकाश बदलला की रोध बदलतो, रोध बदलला की प्रवाह बदलतो, आणि तो बदलता प्रवाह टेलिफोनच्या ऐकण्याच्या भागात पुन्हा आवाज निर्माण करतो.

टेन्टर एका शाळेच्या गच्चीवरून बोलले आणि बेल यांनी ते सुमारे २१३ मीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत ऐकले. बेल यांना हा शोध टेलिफोनपेक्षाही मोठा वाटत असे. परंतु ढग आले, धुके पडले किंवा मध्ये काही आडवे आले की बोलणे बंद पडे. घरात बसवण्यासारखे ते यंत्र नव्हते. त्यामागचे तत्त्व मात्र वाया गेले नाही. लेखाच्या शेवटी ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आधी विकत घेण्याचा हक्क

कॉर्डलेस घ्यावा का, हा प्रश्न पडायला फोन विकत घेण्याची मुभा तर हवी. अमेरिकेत दीर्घकाळ ती नव्हती. घरातला फोन टेलिफोन कंपनीच्या मालकीचा असे आणि परकी वस्तू तिच्या तारेला जोडायला मनाई असे. टेक्सासमधल्या थॉमस कार्टर यांनी 'कार्टरफोन' नावाचे एक साधन विकायला सुरुवात केली. दूरवर काम करणाऱ्या माणसाचा बिनतारी संच आणि टेलिफोन यांची सांगड ते घालत असे. वाद संघीय दळणवळण आयोगापुढे गेला, आणि १९६८ साली आयोगाने निर्णय दिला की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला आपले साधन जोडता आले पाहिजे.

पुढच्याच वर्षी, १९६९ साली, ओहायो राज्यातले हौशी रेडिओचालक जॉर्ज स्वायगर्ट यांना दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येईल अशा बिनतारी टेलिफोनसंचाचे पेटंट मिळाले. 'दोन्ही बाजूंनी एकाच वेळी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पोलिसांच्या वॉकीटॉकीवर एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने थांबायचे असते. टेलिफोनवर आपण तसे बोलत नाही. मध्येच 'हो, हो' म्हणतो, हसतो, अडवतो. त्यासाठी जाण्याच्या आणि येण्याच्या वाटा वेगळ्या हव्यात. सुरुवातीच्या कॉर्डलेसमध्ये याकरिता दोन वेगळ्या वारंवारता वापरल्या जात.

शेजाऱ्याच्या रेडिओवर

१९८० च्या सुमारास अमेरिकेत कॉर्डलेस घरोघरी जाऊ लागला. त्या वेळच्या फोनमध्ये बेसकडून हातातल्या संचाकडे येणाऱ्या लहरी सुमारे १.७ मेगाहर्ट्‌झच्या असत, तर संचाकडून बेसकडे जाणाऱ्या सुमारे ४९ मेगाहर्ट्‌झच्या. येथे एक छोटे गणित करू. तरंगलांबी मीटरमध्ये काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्‌झमधल्या वारंवारतेने भागायचे. १.७ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे १७६ मीटर येते. चांगल्या अँटेनाची लांबी तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे ४४ मीटर हवी. एवढा खांब घरात कोण उभा करणार? म्हणून कारखानदारांनी युक्ती केली : घरातल्या विजेच्या तारांचाच अँटेना म्हणून उपयोग केला. युक्ती चांगली होती, पण विजेच्या तारा भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या शेजारच्या घरात आणि रस्त्यावरही जातात.

शिवाय १.७ मेगाहर्ट्‌झ ही जागा रेडिओच्या मध्यम लहरींच्या पट्ट्याला अगदी लागून आहे. परिणामी साध्या रेडिओचा काटा टोकाला नेला की कधी कधी शेजारच्या घरातला संवाद ऐकू येई. बेसकडून दोन्ही माणसांचा आवाज प्रक्षेपित होत असल्यामुळे तो संवाद अर्धवटही नसे.

प्रकरणे न्यायालयात गेली. १९८४ साली कॅन्सासच्या आणि १९८५ साली ऱ्होड आयलंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असेच खटले आले. शेजाऱ्यांनी घरच्या रेडिओवर बोलणे ऐकले होते, पोलिसांना कळवले होते, आणि ते बोलणे पुरावा म्हणून चालेल का, असा प्रश्न होता. दोन्ही न्यायालयांनी चालेल असे म्हटले. कॅन्सासच्या न्यायालयाने तर फोनबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेकडे बोट दाखवले. हे साधन कसे चालते हे मालकाला पुस्तिकेत सांगितले होते, मग बोलणे खाजगी राहील अशी अपेक्षा त्याने कशाच्या आधारावर केली? पुस्तिका न वाचता ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा.

१९८६ साली अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक संदेशवहनाला संरक्षण देणारा कायदा झाला. त्यातून कॉर्डलेसचा रेडिओवरून जाणारा भाग स्पष्टपणे वगळण्यात आला. आयोवा राज्यातल्या एका कुटुंबाला आपल्या कॉर्डलेसवर जवळपासच्या दुसऱ्या कॉर्डलेसवरचे बोलणे ऐकू येत असे. ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याने दाद मागितली, परंतु १९८९ साली संघीय अपील न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. दोरीच्या फोनवरचे तेच वाक्य कायद्याने सुरक्षित होते, त्याच घरातल्या कॉर्डलेसवरचे नव्हते. ही तफावत दूर करणारी दुरुस्ती व्हायला १९९४ साल उजाडावे लागले. दोरीचे दुसरे काम अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात लिहावे लागले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये असे म्हटले की घरात किंवा कार्यालयात निवांतपणे टेलिफोनवर बोलणे हा माणसाच्या खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. मात्र हक्क असणे आणि तो भंगता येऊ नये अशी यंत्ररचना असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुलूप नसलेले दार

तिसऱ्या कामाचीही तीच कथा. सुरुवातीच्या बेसला एवढेच कळे की योग्य वारंवारतेची लहर आली आहे. ती कोणाच्या संचातून आली हे कळत नसे. त्यामुळे त्याच वारंवारतेचा संच हातात घेऊन कोणी तुमच्या घराजवळ उभा राहिला, तर त्याला तुमच्या लाइनवरून फोन लावता येई आणि बिल तुम्हाला येई. अमेरिकेत १९८४ साली या फोनसाठी ४६ आणि ४९ मेगाहर्ट्‌झजवळच्या दहा जोड्या ठरवून देण्यात आल्या. वस्तीत शेकडो फोन आणि वाटा मात्र दहा, म्हणजे गोंधळ होणारच. शेवटी १९९१ पासून नव्या फोनमध्ये संकेतांकाचे कुलूप सक्तीचे झाले. संच आणि बेस यांच्यामध्ये एक गुप्त अंक ठरतो, आणि तो जुळल्याशिवाय बेस लाइन उघडत नाही. दोरी जे काम फुकट करत होती, त्यासाठी आता एक इलेक्ट्रॉनिक मंडल लागले.

दोरीबरोबर आणखी एक गोष्ट नकळत बदलली होती. साध्या फोनची घंटा टेबलावरच्या पेटीत असते आणि ती वाजत असताना रिसीव्हर कानाला नसतो. पहिल्या काही कॉर्डलेस संचांत पैसे आणि जागा वाचवण्यासाठी घंटेचा आवाज ऐकण्याच्या भागातूनच काढला जाई. बोलण्यापूर्वी एक बटण सरकवायचे असे. ते सरकवायला विसरून संच कानाला लावला आणि त्याच क्षणी घंटा वाजली, तर सुमारे १४० डेसिबलचा आवाज थेट कानात शिरे. यामुळे कायमचा बहिरेपणा आल्याची उदाहरणे १९८० च्या दशकाच्या मध्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांतून मांडली. त्यानंतर घंटा ऐकण्याच्या भागातून बाहेर हलवण्यात आली.

वेळेचे तुकडे

युरोपने वेगळी वाट धरली. तेथे १९९२ साली 'डेक्ट' या नावाचे प्रमाणक तयार झाले. हा फोन १८८० ते १९०० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात चालतो. वरचे गणित पुन्हा केले तर तरंगलांबी सुमारे १६ सेंटिमीटर आणि तिचा पाव भाग ४ सेंटिमीटर येतो. म्हणून या संचांना बाहेर काढायची लांब दांडी लागत नाही.

डेक्टमध्ये आवाजाचे अंकांत रूपांतर होते आणि जाण्यायेण्याच्या वाटा वारंवारतेने नव्हे, तर वेळेने वेगळ्या केल्या जातात. एका सेकंदाचे शंभर भाग करायचे. प्रत्येक भाग १० मिलिसेकंदांचा. त्याचे पुन्हा २४ तुकडे करायचे. बारा बेसच्या बोलण्यासाठी आणि बारा संचांच्या. आपल्या १० मिलिसेकंदांच्या बोलण्याचे ३२० बिट होतात आणि ते एका तुकड्यात झटकन पाठवले जातात. अशा दहा वारंवारता असल्यामुळे एकूण १२० संभाषणांना जागा मिळते. दहा मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे साडेतीन मीटर जातो. म्हणजे एका तुकड्याची वाट पाहण्यातला विलंब खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोलण्याइतकाच असतो, आणि कानाला तो जाणवत नाही. कोणती वाट मोकळी आहे हे संच स्वतः कानोसा घेऊन ठरवतो.

डेक्टमध्ये ओळख पटवण्याची आणि बोलणे सांकेतिक करण्याची सोय मुळापासून ठेवलेली आहे. तेव्हा प्रश्न सुटला असे वाटले. परंतु २००८ च्या अखेरीस काही संशोधकांनी दाखवून दिले की बाजारातल्या अनेक संचांत सांकेतिकीकरण चालूच केलेले नव्हते, आणि संगणकात बसवायच्या एका स्वस्त कार्डाच्या मदतीने असे बोलणे ऐकता येत होते. कुलूप बसवले होते, पण ते लावलेले नव्हते.

डेक्टचा भारताशी एक चांगला संबंध आहे. टेलिफोनच्या खर्चात एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या तांब्याच्या तारेचा वाटा मोठा असतो. १९९० च्या दशकात मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिडास आणि अॅनलॉग डिव्हायसेस या कंपन्यांबरोबर 'कॉरडेक्ट' ही पद्धत विकसित केली. खोल्याखोल्यांतून फिरण्यासाठी केलेले तंत्र त्यांनी गावांना फोन आणि इंटरनेट देण्यासाठी वापरले. मोकळ्या सरळ रेषेत सुमारे १० किलोमीटरपर्यंत आणि मध्ये पुनःप्रक्षेपक ठेवला तर त्याहून लांब ते पोहोचत असे. शेवटच्या दोन मीटरांसाठी शोधलेल्या उपायाने दहा किलोमीटरांची तार वाचवली.

जे परत मिळाले नाही

आता पहिले काम उरले : वीज. बेसला चोवीस तास रेडिओलहरींची देवाणघेवाण करावी लागते, त्यामुळे त्याला सतत वीज लागते. ती टेलिफोनच्या तारेतूनच का घेऊ नये? कारण वर पाहिलेच आहे. तारेतून प्रवाह वाहू लागला की एक्स्चेंज समजते रिसीव्हर उचलला. बेसने सतत प्रवाह ओढला तर तो फोन कायम 'एंगेज' राहील. म्हणून बेस भिंतीतल्या विजेवर चालतो, आणि वीज गेली की बंद पडतो. संचात बॅटरी असते, पण ज्याच्याशी बोलायचे तो बेसच झोपलेला असतो.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओत सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्या रात्री अनेक घरांत एकच धडा मिळाला : कॉर्डलेस मुका झाला आणि अडगळीतला दोरीचा फोन काढून जोडला तर तो चालू होता. आपल्या महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. ज्या गावात रोज कित्येक तास वीज नसे, तेथे केवळ कॉर्डलेसवर विसंबणे म्हणजे तेवढे तास फोनशिवाय राहणे होते. रात्री घरात कोणाच्या छातीत दुखू लागले, तर हा फरक सोयीचा राहत नाही.

या उणिवेवर इन्व्हर्टर किंवा बेसमध्ये बॅटरी असे उपाय आहेत, पण ते घरातल्यांनी स्वतः करायचे असतात. पूर्वी ती जबाबदारी एक्स्चेंजची होती. आणि आता हा प्रश्न कॉर्डलेसपुरता राहिलेला नाही. घरोघरी तांब्याच्या तारेऐवजी काचतंतू येत आहे. त्यातून आवाज प्रकाशावर स्वार होऊन येतो. बेल यांच्या फोटोफोनचेच हे तत्त्व, फक्त प्रकाश उघड्या हवेऐवजी काचेतून जातो, त्यामुळे ढगाधुक्याची भीती उरली नाही. परंतु काचेतून ४८ व्होल्टची वीज येत नाही. काचतंतूवर दोरीचा फोन लावला तरी भिंतीवरच्या पेटीला घरचीच वीज लागते.

तेव्हा घ्यावा की नाही? आमचे मत असे की, ज्या घरात वृद्ध किंवा आजारी माणूस आहे, तेथे कॉर्डलेसची सोय खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र घेताना तीन प्रश्न विचारावेत. वीज गेली तर घरातून मदत कशी मागणार? बोलणे सांकेतिक होऊन जाते का, आणि ती सोय चालू आहे का? दुसऱ्याचा संच आपल्या बेसला जोडला जाऊ नये म्हणून काय व्यवस्था आहे? तांब्याची तार अजून असेल, तर साधा दोरीचा फोनही तिला जोडून ठेवावा. त्याला खर्च जवळजवळ नाही.

हेच तीन प्रश्न वर्गातही विचारून पाहावेत. विद्यार्थ्यांना घरातली एकेक बिनतारी वस्तू निवडायला सांगावी : दारावरची घंटा, संगणकाचा माऊस, गाडीची किल्ली. तिची तार पूर्वी काय काय करत होती आणि ते काम आता कोण करते, याची यादी त्यांनी करावी. काही रकाने रिकामे राहतील. त्या रिकाम्या रकान्यांवर वर्गात चर्चा घ्यावी.